आधी कोणाचं देणं?

रत्नागिरी जिल्ह्यात दुबई-मस्कतला गेलेल्या माणसांबद्दल गाव दोन प्रकारे बोलतं. ज्याने घर बांधलं, बहिणीचं लग्न लावून दिलं, त्याच्याबद्दल चारचौघांत बोलतात. जो देणी मागे ठेवून गेला, त्याच्याबद्दल त्याचे आईवडील समोर नसताना बोलतात. पुढचा संवाद या दुसऱ्या प्रकारातल्या एका मुलाविषयी आहे. तो २०१७ साली दुबईला गेला, एसी दुरुस्तीचं काम केलं आणि आठ वर्षांनी कायमचा परत येतोय. त्याच्याविषयी बोलणारे नाना चिपळूणच्या एका पतसंस्थेतून विशेष वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झालेत. त्यांची पुतणी मुग्धा पुण्यात चार्टर्ड अकाउंटंट आहे. मुलगा, नाना, मुग्धा आणि मुलाच्या घरचे आकडे काल्पनिक आहेत; कायदे आणि नियम खरे आहेत.

मुग्धा : नाना, शेजारच्याचा काल फोन आला होता. महिनाअखेरीस येतोय. हातात ग्रॅच्युइटी तेवढी. मूळ पगार तीन हजार दिरहॅम. तिथल्या नियमाने पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा. आठ वर्षांचे झाले १९५ दिवस, म्हणजे १९,५०० दिरहॅम. दिरहॅमला तेवीस रुपये धरले तर जेमतेम साडेचार लाख.

नाना : आणि देणं किती?

मुग्धा : डिप्लोमासाठी काढलेलं बँकेचं शैक्षणिक कर्ज, मुद्दल अडीच लाख. त्यात वडील सहकर्जदार. मग क्रेडिट कार्ड, लाखभर. व्याज दोन्हीवर वेगळं. पतसंस्थेचं दोन लाखांचं खातं होतं, ते बंद झालंय.

नाना : ते आपोआप बंद झालं नाही. गुरुजींनी बंद केलं. एजंटाला द्यायला म्हणून या पोराने पतसंस्थेतून दोन लाख उचलले. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. पण ते सांगणारं तेव्हा कोणी भेटलं नाही, आणि भेटलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. जामीनदार दोन. एक रिक्षावाला, त्याच्याकडून काय निघणार? दुसरे आपले प्राथमिक शाळेतले गुरुजी. चार हप्ते आले आणि पुढे दुबईचा फोन लागेना. मग सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला निघाला आणि गुरुजींच्या पगारातून महिना पाच हजार कापायला सुरुवात झाली. २०१९ ते २०२३, साठ महिने. तीन लाख रुपये.

मुग्धा : माहीत आहे मला. त्यांना बुडवायचं असं मी म्हणत नाही. क्रम काय लावायचा एवढाच प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर आधी बँक, मग कार्ड, मग गुरुजी.

नाना : वा! ज्याने तीन लाख भरले तो शेवटी?

मुग्धा : चिडू नका, आधी ऐका. त्याला इथे एसी दुरुस्तीचं दुकान टाकायचंय. गाळ्याचं डिपॉझिट, हत्यारं, एक सेकंडहँड टेम्पो. मुद्रा कर्ज मागायला गेला की बँक पहिल्यांदा सिबिल बघणार. कार्ड थकीत, शैक्षणिक कर्ज थकीत. दारातूनच परत पाठवतील. कर्ज नाही तर दुकान नाही, आणि दुकान नाही तर गुरुजींना देणार कुठून? सिबिल आधी साफ केलं तरच तो कमवायला लागेल. गुरुजींचं देणं सिबिलमध्ये दिसत नाही. ते थांबू शकतात.

नाना : गुरुजी पाच वर्षं थांबलेच की. आणि सिबिलचं म्हणतेस, तर त्या खात्याला जामीनदार म्हणून त्यांचं नाव लागलेलं. पतसंस्थेऐवजी बँक असती तर थकबाकी त्यांच्याही रिपोर्टात चढली असती. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज मागायला गेले असते, तर त्यांनाही दारातूनच परत पाठवलं असतं. जामीन राहिलेल्या माणसाचं नुकसान कागदावर दिसत नाही म्हणून ते लहान ठरत नाही.

मुग्धा : भावना बरोबर आहे तुमची. पण कायद्याच्या नजरेने बघा ना. बँक दावा लावू शकते, कार्डवाला लवाद नेमू शकतो. गुरुजी काय करणार आहेत? ते स्वतःच्या विद्यार्थ्यावर केस टाकणार नाहीत.

नाना : म्हणजे जो कोर्टात जाणार नाही, त्याला शेवटी उभं करायचं. हाच हिशोब मी चाळीस वर्षं बघत आलो, मुग्धा. कर्जदार सगळ्यात आधी कोणाचं बुडवतो? जो ओरडत नाही त्याचं. आणि कायद्याचं म्हणशील तर भारतीय करार कायदा १८७२चा आहे. कलम १२८ म्हणतं, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आणि कलम १४५ म्हणतं, जामीनदाराने रास्तपणे जेवढं भरलं तेवढं कर्जदाराने त्याला भरून द्यायचं. गुरुजी केस टाकणार नाहीत ही त्यांची सभ्यता. त्यांच्याकडे हक्क नाही असं समजू नकोस.

मुग्धा : मान्य. आता एक वकिली मुद्दा ऐका. पैशाच्या साध्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. कार्डाची थकबाकी २०१८ची. दावा लावल्याचं कुठे दिसत नाही. म्हणजे मुदत केव्हाच संपली. अशा वेळी अशिलाला मी एकच सांगते : घाईने ईमेल करू नका, "मी देणं लागतो, लवकरच फेडतो" असं लिहून देऊ नका. मुदतीत असलेल्या देण्याची लेखी कबुली दिली की तीन वर्षं पुन्हा सुरू होतात. आणि मुदत गेलेल्या देण्याचंही लेखी वचन दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक होतं.

नाना : मुदतीचा कायदा १९६३चा. त्याचं कलम १५ वाचलंयस ना? पोटकलम पाच?

मुग्धा : आठवत नाही नेमकं.

नाना : मला पाठ आहे, कारण आमच्या अर्ध्या फायली आखातात गेलेल्यांच्या होत्या. प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर असेल, तितका काळ मुदतीत मोजायचा नाही. हा पोरगा आठ वर्षं दुबईत. मधे आईच्या आजारपणात पंधरा दिवस आला असेल. मोजायचे ते एवढेच दिवस, आणि जाण्याआधी थकले असतील ते. त्याच्यापुरतं घड्याळ बंद पडलेलं आहे. विमानतळावर उतरला की पुन्हा सुरू होईल. "तीन वर्षं झाली, सुटलो" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचं एकही वर्ष झालेलं नसतं.

मुग्धा : हे खरंच ध्यानात नव्हतं. म्हणजे परदेशी राहून उलट बँकेचा दावा जिवंत राहिला.

नाना : आता पुढचं बघ. जामीनदार कुठे असतो? गावात. त्याचं घड्याळ कधी बंद होत नाही. बँकेला हे पक्कं ठाऊक असतं. कर्जदार परदेशी, त्याच्यावर दावा नंतरही लावता येईल. जामीनदारावर मात्र वेळेत हात टाकायला हवा. मग नोटीस आधी कोणाच्या दारात जाते? पोरगा जितका लांब आणि जितका जास्त काळ, तितका जामीनदार आधी भरडला जातो. कायद्यात दोघांची जबाबदारी सारखी, पण व्यवहारात पहिला फटका नेहमी हजर असलेल्या माणसाला बसतो.

मुग्धा : हे मला पटलं. पण मग तुम्हीही एक सोडायला हवं. त्याची आई सांगत होती, "नाना म्हणाले, विमानतळावरच धरतील." हे तुम्हीच पसरवलंत ना?

नाना : मी वसुलीत होतो. थोडी भीती घालावी लागते.

मुग्धा : त्या भीतीनेच माणसं परत येत नाहीत, नाना! आणि येत नाहीत म्हणून व्याज वाढतं. सरकारी बँकांच्या प्रमुखांना थकबाकीदारांविरुद्ध लुकआउट सर्क्युलर काढायची विनंती करता येत होती. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये तो अधिकार रद्द केला. निव्वळ कर्ज थकलं म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. दिवाणी हुकूमनाम्यात अटकेची तरतूद आहे, पण पैसे असून मुद्दाम देत नसेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हे स्पष्ट केलंय.

नाना : आणि चेक?

मुग्धा : तिथे मात्र सांभाळायला हवं. चेक न वटल्यावर लागणारं कलम १३८ फौजदारी आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, माणूस दुबईत. तारखांना कोणी हजर नाही, मग वॉरंट निघतं. असं वॉरंट असेल तर प्रवासात अडचण येऊ शकते. त्याने पतसंस्थेला कोरे चेक दिले होते का?

नाना : चार. सही करून, तारीख नाही, रक्कम नाही. त्या काळी सगळेच घेत. गुरुजींनी खातं भरल्यावर ते परत द्यायला हवे होते. मी उद्या जाऊन बघतो.

मुग्धा : आणि मी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने रत्नागिरी जिल्हा शोधते. तिकीट काढण्याआधी प्रत्येकाने हे करावं. घरबसल्या होतं, फुकट होतं. निम्मी भीती तिथेच जाते. उरलेली खरी निघाली तर वकील देता येतो. दुसरं, सिबिलचा पूर्ण रिपोर्ट काढायचा, वर्षातून एक फुकट मिळतो. कार्डाचं येणं बँकेने मधल्या काळात एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल, तर आज बोलायचं कोणाशी हेही त्यातून कळतं. तिसरं, तिकडे दुबईत कर्ज नाही ना, हे मी विचारलं. जानेवारी २०२०पासून तिथल्या दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे इकडच्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलात आणता येतात. देणं मागे टाकून पळायची वाट आता दोन्ही बाजूंनी बंद झालीय.

नाना : पळायची भाषा तूच केलीस म्हणून विचारतो. आठ वर्षांत त्याला पैसे पाठवता आले नसते? तो गेला तेव्हा दिरहॅमला अठराच्या आसपास रुपये मिळायचे. आता तेवीसच्या पुढे. कर्ज रुपयात, कमाई दिरहॅममध्ये. नुसतं मुद्दल धरलं तर दोन लाखांसाठी तेव्हा अकरा हजारांवर दिरहॅम लागले असते. आज पावणेनऊ हजारांत भागतं. बसल्या जागी कर्ज स्वस्त होत गेलं, तरी याला फेडावंसं वाटलं नाही.

मुग्धा : हा हिशोब ज्याचा पगार वाढतो त्याचा. याचा मूळ पगार आठ वर्षांत पाचशे दिरहॅमने वाढला. एका खोलीत आठ जण. २०२०मध्ये चार महिने काम नव्हतं, कंपनीने अर्धा पगार दिला. उरेल ते वडिलांच्या औषधाला पाठवायचा. लाजेने फोन बंद ठेवला. लाज वाटणाऱ्या माणसाला तुम्ही बुडव्या म्हणताय.

नाना : लाज वाटत होती तर गुरुजींना एक फोन करायचा. पैसे नसले तरी फोन करता येतो. "गुरुजी, जमत नाहीये, पण विसरलो नाही." एवढं म्हणाला असता तर गुरुजींनी साठ महिने कपात सोसली असती आणि वर त्याचीच विचारपूस केली असती. माझ्या नोकरीत मी पाहिलंय, जामीनदाराला पैसे भरल्याचं दुःख असतंच. पण कर्जदार त्याला टाळून दुसऱ्या रस्त्याने जातो, ते त्याहून जास्त लागतं.

मुग्धा : यावर मला बोलायला काही नाही. पण कार्डाचं बोलू. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के. आठ वर्षं चक्रवाढीने लावलं तर एक लाखाचे सत्तावीस लाख होतात. मी गणित केलंय. तुम्ही म्हणाल, "देणं ते देणं." सत्तावीस लाख द्यायचे त्याने?

नाना : एवढे कोण मागतंय?

मुग्धा : बँकही मागत नाही, तोच माझा मुद्दा! मध्यंतरी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे दर बँकेच्या मनावर. असल्या व्याजाला नैतिकतेची भाषा लावायची नाही. इथे वाटाघाटच करायची. बँकेने ते खातं केव्हाच राइट ऑफ केलं असणार. कर्ज माफ झालं असा त्याचा अर्थ होत नाही, वसुलीचा हक्क राहतोच. पण पुस्तकात त्याची तरतूद झालेली असते, म्हणून बँक कमीवर यायला तयार असते. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तडजोडीची चौकटच आखून दिलीय. जे बँकेचं धोरण आहे, त्याचा लाभ कर्जदाराने घेतला तर त्यात पाप कुठे?

नाना : व्याजाच्या बाबतीत मी तुझ्या बाजूने. आपल्याकडे दामदुप्पट मानत, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो नियम मानला होता. खासगी देण्यापुरता असेल, पण शहाणपणा त्यात होता. मी अडतो ते मुद्दलावर. उचललेलं मुद्दल ज्याच्याकडे द्यायला आहे त्याने सूट मागू नये. ती सूट कोणाच्या खिशातून जाते, विचार कर. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. आमच्या संस्थेत ठेवी कोणाच्या होत्या? मासळी विकणाऱ्या बायकांच्या, पेन्शनरांच्या. गुरुजींनी भरले नसते तर ते दोन लाख या लोकांचे गेले असते.

मुग्धा : पतसंस्थेचं वेगळं. मोठ्या बँकांचं म्हणाल, तर विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये देश सोडून गेला. बँका म्हणत होत्या, नऊ हजार कोटींच्या वर येणं आहे. त्याच्यासारख्यांसाठी २०१८ साली फरार आर्थिक गुन्हेगारांचा कायदा करावा लागला आणि त्याची पायरीच शंभर कोटींची! त्यांच्यासाठी वेगळा कायदा, आणि एसी दुरुस्त करणाऱ्या पोराच्या आईला रात्री नऊला वसुलीवाल्याचा फोन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलंय, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. पाळतं कोण? अशा व्यवस्थेपुढे लहान माणसाने मुद्दलाची पै न पै मोजून द्यावी, हा आग्रह मला जड वाटतो.

नाना : मल्ल्याने बुडवले म्हणून मी बुडवतो, असं म्हणणारे मला आठवड्याला तीन भेटायचे. त्यांच्यापैकी एकाचाही जामीनदार मल्ल्या नव्हता. कोणाचा मामा होता, कोणाचा मास्तर. मोठ्यांवर राग असेल तर मोठ्यांवर काढा. वसुलीवाला रात्री फोन करत असेल तर बँकेकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तो हक्क आहेच. पण त्या रागाचं बिल गुरुजींच्या नावावर फाडू नका.

मुग्धा : ठीक. मग आपण दोघं मिळून क्रम लावू. तुमचं म्हणणं, साडेचार लाखांतले तीन लाख गुरुजींना लगेच.

नाना : व्याजही. ठेवीच्या दराने साधं व्याज धरलं तरी ऐंशी-नव्वद हजार होतात.

मुग्धा : व्याज वर्षभराने. नाहीतर तो उघडा पडेल. साठ हजार घरखर्चाला बाजूला ठेवायचे, यावर मी हटणार नाही. सगळं देऊन रिकामा झालेला माणूस तीन महिन्यांनी सावकाराकडे किंवा मोबाइलवरच्या कर्जवाल्यांकडे जातो, आणि जुनं फेडून नवं ओढवून घेतो. आईच्या बांगड्या सोनेतारण ठेवायच्या नाहीत, हेही त्यातच आलं.

नाना : कबूल. मुद्दल आधी, व्याज वर्षभरात. पण ते लिहून द्यायचं. आणि पैसे स्वतः घेऊन जायचे. गुगल पे करून मोकळं व्हायचं नाही.

मुग्धा : पैसे बँकेतूनच जातील, त्याची नोंद दोघांच्याही सोयीची. भेटायला मात्र स्वतः जाईल. उरले ऐंशी-नव्वद हजार. मी म्हटलं असतं, निम्म्यात कार्ड सेटल करू. पण तुमच्या क्रमाने आता शैक्षणिक कर्ज आधी, बरोबर?

नाना : का, ते सांग बघू.

मुग्धा : कारण त्यात वडील अडकलेत. घराच्या दुरुस्तीसाठी बँकेने त्यांना नाही म्हटलं ते याच खात्यामुळे. कार्डात तो एकटा आहे. गुरुजी, मग वडील, मग तो स्वतः.

नाना : आता तू माझी पुतणी शोभतेस.

मुग्धा : पण शैक्षणिक कर्जाची तडजोड मी करणार, माझ्या पद्धतीने. शाखेत जाऊन साहेबांपुढे रडायचं नाही. लेखी अर्ज करायचा : परत आलोय, मुद्दल पूर्ण देतो, दंडाची रक्कम आणि जमेल तितकं व्याज सोडा. सोबत काही रक्कम भरायची, बाकी हप्त्याने. जमलं नाही तर लोकअदालत. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि प्रकरण कोर्टात गेलं असेल तर भरलेलं न्यायशुल्क परत मिळतं.

नाना : मुद्दल पूर्ण म्हणालीस, माझं समाधान झालं. पण बँक आणखी खाली यायला तयार असेल तर?

मुग्धा : तर मी घेईन. तुम्ही?

नाना : दुकान चालेपर्यंत घेईन. चालल्यावर मला झोप लागणार नाही.

मुग्धा : तुमच्या झोपेचा मान राखून एक व्यावहारिक गोष्ट सांगते. कमी रकमेत मिटवलं की रिपोर्टात "सेटल्ड" येतं, पूर्ण भरलं की "क्लोज्ड". "सेटल्ड"चा शेरा वर्षानुवर्षं राहतो आणि पुढचा प्रत्येक कर्ज अधिकारी तो वाचतो. शिवाय तडजोड केलेल्या कर्जदाराला ती बँक किमान वर्षभर नवं कर्ज देत नाही. म्हणजे मुद्रा कर्ज लगेच हवं असेल तर सूट महागात पडू शकते. तुमची नीती आणि माझा हिशोब इथे एकाच जागी येतात. कार्डाच्या बाबतीत येत नाहीत. तिथे मी सूट घेणारच.

नाना : घे. पण वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नकोस. मी त्या बाजूला होतो, मला माहीत आहे.

मुग्धा : आधी बँकेच्या लेटरहेडवर तडजोडीचं पत्र, त्यात रक्कम आणि तारीख. मग पैसे थेट कर्जखात्यात. मग ना-देय दाखला, आणि दोन महिन्यांनी पुन्हा सिबिल रिपोर्ट. बदल झाला नसेल तर लेखी तक्रार. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. आणि ज्याचं घर किंवा जमीन गहाण असेल त्याने एवढं लक्षात ठेवावं : संपूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये. हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३पासून लागू आहे.

नाना : हे सगळं त्याला कळवलंस?

मुग्धा : आज रात्री फोन करणार आहे.

नाना : मग शेवटी एक सांग त्याला. बँक, कार्ड, कोर्ट हे सगळं तू बघ. पण तो उतरला की पहिल्या दिवशी गुरुजींकडे. पैसे जमा झाले नसले तरी. मी बरोबर येईन म्हणावं.

दोघांचे रस्ते वेगळे असले तरी एका नियमावर दोघं आले : ज्या देण्यात आपल्याऐवजी दुसरा माणूस अडकलाय, ते आधी. बँकेशी तडजोड होऊ शकते, तिच्याकडे त्यासाठी धोरण आहे, समिती आहे, तरतूद आहे. जामीनदाराकडे यातलं काही नाही. त्याच्याकडे सूट मागायची नसते. वेळ मागता येतो, तोही समोर जाऊन.

परदेशात बसून हे वाचणाऱ्यांनी चार कामं या आठवड्यात करावीत. आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. गावाकडच्या न्यायालयात आपल्या नावाचं काही आहे का ते ई-कोर्ट्सवर बघा. बँकेला आणि पतसंस्थेला आपला चालू पत्ता आणि फोन नंबर कळवा. मोठ्या रकमेची कबुली लिहून देण्याआधी जाणकाराला दाखवा, पण कळवायचं टाळू नका. परदेशातली वर्षं मुदतीत मोजली जात नाहीत, त्यामुळे गप्प बसून काही मिळत नाही. चौथ्या कामाला ना वकील लागतो ना पैसा. तुमच्या कागदावर ज्याने जामीनदार म्हणून सही केलीय, त्याला आज फोन करा.

आणि जे आता निघण्याच्या तयारीत आहेत, त्यांनी कोऱ्या चेकवर सही करू नये, एजंटाला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त देण्यासाठी कर्ज काढू नये, आणि हप्ता भरता येईल याची खात्री नसेल तर कोणाला जामीन राहायला सांगू नये.